सात इंच चार सूत

"अर्धा मिलिमीटर! तीस वर्षं साइटवर काढलेल्या माणसाला अर्ध्या मिलिमीटरसाठी फुली मारताय, मॅडम?"

ओरडत होतो मी. सोलापुरात, शुक्रवार पेठेतल्या आमच्या ऑफिसात, पहिल्या मजल्यावर, भर दुपारी. माझा आवाज म्हणजे स्लॅब टाकताना मिक्सरच्या खडखडाटावर चढवून तयार केलेला आवाज. खाली भांड्यांचं दुकान आहे. तिथली स्टीलची पातेली एकमेकांवर वाजायला लागली आणि दुकानदार भूकंप झाला म्हणून गल्ल्यासकट रस्त्यावर पळाला. म्हणजे मी तरी तसंच सांगत आलोय. दुकानदाराचं म्हणणं असं की, त्यानं नुसती मान वर करून "काय झालं हो?" विचारलं. पण पातेली वाजली, यावर मी ठाम आहे.

मॅडम मात्र हलल्या नाहीत. माझा पेपर त्यांच्यापुढं पडला होता आणि अकराव्या प्रश्नावर लाल फुली होती. प्रश्न सोपा होता. राहत्या घराच्या जिन्याच्या पायरीची उंची जास्तीत जास्त किती असावी? मी लिहिलं होतं, साडेसात इंच, म्हणजे सात इंच चार सूत. आम्हा बांधकामवाल्यांचा इंच आठ सुतांचा असतो. मिलिमीटर वगैरे नंतर आले. सूत आधीपासून आहे.

"काका, पुस्तकात एकशे नव्वद मिलिमीटर आहे," मॅडम म्हणाल्या. त्यांनी मोबाइलवर गुणाकार करून पडदा माझ्याकडं फिरवला. "साडेसात इंच म्हणजे एकशे नव्वद पूर्णांक पाच. तुमची पायरी अर्ध्या मिलिमीटरनं नियमाबाहेर जाते."

"अहो, अर्धा मिलिमीटर म्हंजे चुन्याचा एक हात! रंगाऱ्यानं ब्रश जोरात मारला तरी तेवढा फरक पडतो!"

"मग रंगाऱ्याला सांगा. नियमाला नका सांगू."

शेजारच्या खुर्चीवर माझा साडू बसला होता. हाताची घडी, पायाची घडी, तोंडाची पण घडी. त्याला पंचवीसपैकी बावीस पडले होते आणि मला एकवीस. माझं ते साडेसात इंच बरोबर धरलं असतं तर दोघांनाही बावीस. आणि मॅडमनी आधीच जाहीर केलं होतं की मार्क सारखे पडले तर ज्याचा अनुभव जास्त, तो मुख्य तपासनीस. अनुभव कुणाचा जास्त, हे शुक्रवार पेठेतली गाढवं पण सांगतील. म्हणजे माझ्या आणि त्या जागेच्या मध्ये आडवं काय पडलं होतं? अर्धा मिलिमीटर. मुंगी त्याच्यावरून न बघता जाईल.

आता आमचा धंदा काय, ते सांगतो. हल्ली लोक नवीन फ्लॅटची किल्ली घ्यायच्या आधी तो तपासून घेतात. पूर्वी नवरीकडचे मुलगा बघायला जायचे, तसे आम्ही फ्लॅट बघायला जातो. टेप, ओळंबा, टेस्टर, खिशात एक रुपयाचं नाणं आणि एक काचेची गोटी. नाण्यानं फरशी वाजवायची, खालचा सिमेंट-वाळूचा माल भरलेला नसेल तर ती पोकळ बोलते. गोटी न्हाणीत सोडायची. ती घरंगळत जाळीकडं गेली तर उतार बरोबर, आणि दाराकडं आली तर पाणी पण एक दिवस पाहुण्यासारखं दाराकडंच येणार. माझा कान या कामात इतका तयार झालाय की एकदा मी रस्त्यावर चहा पीत असताना तिसऱ्या मजल्यावर एक बाई चालली, आणि मी खालून सांगितलं, "खिडकीजवळची दुसरी फरशी पोकळ आहे." वर जाऊन बघितलं तर पोकळ निघाली. तिसरी निघाली असंही काही जण म्हणतात, पण ते जळतात.

मॅडम स्वतः इंजिनिअर. वय माझ्या मुलीएवढं, शिस्त माझ्या सासूएवढी. नियम बदलत असतात, गिऱ्हाईक मोबाइलवर वाचून येतं आणि आपल्यालाच उलटं विचारतं, म्हणून त्यांनी फर्मान काढलं, "आपण दुसऱ्याची घरं तपासतो, काका. आपल्याला कोण तपासणार?" आणि आम्हा दोघांना बांधकामाच्या नियमांची झेरॉक्स पुस्तिका हातात दिली. पंधरा दिवसांनी पेपर. कुंभारीला कामगारांच्या घरांच्या ओळीच्या ओळी उभ्या राहात होत्या, त्यांची तपासणी आम्हाला मिळालेली. पेपरात जो पहिला येईल, तो तिथला मुख्य तपासनीस, आणि प्रत्येक अहवालाच्या शेवटच्या पानावर त्याची सही.

सही! हे तुम्हाला कळायचं नाही, कारण तुम्ही सह्या करून कंटाळलेले असाल. मी तीस वर्षं सुपरवायझर होतो. अर्धं सोलापूर माझ्या डोळ्यांदेखत उभं राहिलं, उरलेलं अर्धं माझ्या ओरडण्यानं उभं राहिलं. पण एका कागदावर माझी सही नाही. नकाशावर आर्किटेक्टची, दाखल्यावर इंजिनिअरची. साधी सिमेंटची गाडी आली तर चलनावर 'माल मिळाला' म्हणून सही कुणाची? स्टोअरकीपरची! मी नुसता उन्हात उभा. म्हणून त्या पंधरा दिवसांत मी पुस्तिका कमी वाचली आणि सहीच जास्त गिरवली. वर्तमानपत्राच्या कडेला, दुधाच्या पिशवीवर, शेंगा गुंडाळून आणलेल्या कागदावर. शेवटी एक अशी झोकदार सही बसवली की तिच्या खालच्या फटकाऱ्यात दोन म्हशी बांधता आल्या असत्या.

आणि आमचा साडू आयुष्यभर काय होता? सूतगिरणीत स्टोअरकीपर. बघा म्हणजे. त्याला सूत म्हणजे दोरा एवढंच ठाऊक. इंचाच्या आठव्या हिश्शाला सूत म्हणतात, हे त्याला मी शिकवलं. त्यानं जन्मात एक वीट लावलेली नाही. तो या धंद्यात आला कसा? मीच आणला! गिरणी बंद पडली, हा घरात बसला. आमची बायको म्हणाली, "दाजी रिकामं बसून वाळाय लागलेत. मॅडमला विचारा की." मी विचारलं, पण अशा सुरात विचारलं की समोरच्यानं नाहीच म्हणावं. मॅडम म्हणाल्या, "वा, स्टोअरचा अनुभव? म्हणजे मोजायची सवय असेल." झालं. माझ्या हातानं मी माझ्या पायावर वीट टाकली.

साडूपणा काय असतो, हे ज्याला साडू आहे त्यालाच कळतं. भावाभावांत वाटणी होते, शेजाऱ्यांत भांडण होतं. साडवांत नुसती तुलना होते. आणि माझ्या बाबतीत देवानं तराजूत आधीच बोट घातलेलं. हा माणूस माझ्यापेक्षा आठ महिन्यांनी लहान. पण यानं थोरली बहीण केली आणि मी धाकटी, त्यामुळं नात्यानं हा थोरला. सासुरवाडी अक्कलकोटच्या पलीकडं, कानडी मुलखात. आमचे सासरे दारात उभे राहून त्याला म्हणायचे, "बर्री, बर्री!" आणि त्याच्यामागून मी पिशव्या घेऊन आलो की म्हणायचे, "बा." दोन्हीचा अर्थ एकच, या. पण 'बर्री' म्हणजे 'यावं, यावं' आणि 'बा' म्हणजे 'ये रे'. मी कानडी शिकलो ते एवढ्या एका अपमानासाठी. पुढं जेवायला बसलं की पहिली पोळी त्याच्या ताटात, तुपाची धार त्याच्या ताटावर सुरू होणार आणि माझ्यापर्यंत येईस्तोवर थेंब होणार. त्याच्या बोअरला शंभर फुटांवर पाणी. माझ्या बोअरनं इतकी खोली गाठली की खालून कुणीतरी "कोण हाय?" म्हणून विचारलं असेल, पाणी मात्र नाही, नुसती धूळ. त्याची स्कूटर एका किकमध्ये चालू. साठीला आला तरी डोक्यावर केस असे की कंगवा मोडावा. माझ्या डोक्यावर नाणं वाजवलं तर फरशीपेक्षा स्वच्छ आवाज येतो.

आता हा माणूस अहवालावर सही करणार? म्हणजे तिथंही तुपाची धार त्याच्याच ताटात?

पेपराच्या आधीच्या त्या पंधरा दिवसांत आणखी एक भानगड झाली. मी कामावरून घरी यायचो तर मोरीत दोन कपबश्या. बायको म्हणायची, "दाजी येऊन गेले." एक दिवस ठीक आहे. दोन दिवस ठीक आहे. रोज? पूर्वी हा माणूस दिवाळीला एकदा यायचा आणि तोही चिवड्याला नावं ठेवायला.

"कशाला आला होता?"

"कडक भाकरी आणि शेंगाची चटणी दिलीया अक्कानं, ती घेऊन आलते."

"मग? काय विचारत होता?"

"काय न्हाई. चहा घेतला, जिन्यानं जरा वर-खाली केलं, गच्चीवर वारं खात उभारले, न्हाणीत हातपाय धुतलं आन् गेले."

"रोज?"

"आता हातपाय बी धुवायचं न्हाईत का दाजींनी?"

मी काय खुळा आहे? मला लगेच वास आला. माझी एक जुनी डायरी आहे, तीस वर्षांची. तिच्यात कुठल्या मालात किती वाळू, कुठल्या गवंड्याचा हात जड, सगळं टिपलेलं. हा नक्की त्या डायरीवर डोळा ठेवून येतोय, माझी विद्या माझ्याच घरातून चोरतोय, आणि वर बायकोला चटणी चारून फितवतोय. मी डायरी कपाटात घातली, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली करदोट्याला बांधली. चार दिवस ती किल्ली पोटाला टोचत होती. बसलो की टोचे, वाकलो की टोचे. एका संध्याकाळी न्हाणीच्या उंबऱ्यापाशी काचेची गोटी सापडली. मला वाटलं, माझीच खिशातून पडली. मी ती उचलून खिशात टाकली. खिशात मग दोन गोट्या झाल्या, तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. मत्सराचं असंच असतं. पोटात दुखायला लागलं की डोळ्यांचं काम बंद पडतं.

तर ऑफिसात मी असा तापलेला, मॅडम अशा थंड, आणि साडू अशी घडी घालून बसलेला. मी शेवटचा डाव टाकला.

"मॅडम, पुस्तक बाजूला ठेवा. माझं घर मी स्वतः उभं राहून बांधलंय. वीस वर्षं झाली. त्याचा जिना साडेसात इंचाचा आहे, एक सूत इकडं नाही की तिकडं नाही. वीस वर्षांत त्या जिन्यावर मांजर घसरलेलं नाही. आत्ताच्या आत्ता चला, मोजा, चढा, उतरा. अर्ध्या मिलिमीटरनं तुमच्या पायाला काही कळलं तर मी पेपर मागं घेतो. नाही कळलं तर मला मार्क द्यायचा!"

मॅडमनी घड्याळ बघितलं. "चला. नाहीतरी जिना मोजायचा सराव होईल."

तेवढ्यात साडूनं तोंडाची घडी उलगडली. "नगं, पाव्हणं. र्‍हाऊ द्या."

घाबरला! मला इतका आनंद झाला की मी जिन्यानं खाली न जाता खिडकीतूनच उडी मारणार होतो. "का? र्‍हाऊ का द्यायचं?"

"उगं कशाला मॅडमला तरास. पाहिजेल तर तुमचं साडेसात बरूबर धरा की, मॅडम. माझं काय म्हणणं न्हाई."

बघा. हा मला मार्काची भीक घालत होता. थोरलेपणाचा तूप-वाटा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मला दान नको! मला न्याय पाहिजे! चला!"

मॅडमच्या गाडीत पुढच्या सीटवर कोण बसलं, हे सांगायला नकोच. मी मागं, मांडीवर मॅडमची हत्यारांची पेटी.

माझं घर कुंभारीच्या रस्त्याला, शहर संपता संपता. खाली दोन खोल्या, वर एक, आणि अंगणातून गच्चीवर जाणारा तो जिना. बायको पायरीशी शेंगा फोडत बसली होती. तिनं आम्हा तिघांना बघितलं आणि उठून म्हणाली, "या दाजी, या मॅडम." मला कुणी 'बा' सुद्धा म्हटलं नाही.

"मोजा," मी म्हणालो. छाती अशी फुगवली की शर्टाचं बटण अंगणापलीकडं जायला पाहिजे होतं.

मॅडम वाकल्या आणि टेप उघडला. टेप अजून पायरीला लागला नव्हता, आणि मागून साडूचा आवाज आला. हळू आला, पण आला. "दोनशे अठ्ठावीस."

मॅडमनी टेप लावला. वाचला. पुन्हा लावला. "दोनशे अठ्ठावीस," त्या म्हणाल्या. "म्हणजे नऊ इंच, काका."

"ती पहिली पायरी आहे!" मी म्हणालो. "अंगणात भराव टाकायचा राहिलाय. भराव पडला की ती आपोआप साडेसात होते."

"वीस वरीस झाली भराव टाकतोय," बायको शेंगांच्या ढिगातून म्हणाली.

"दुसरी मोजा, दुसरी!"

"एकशे सत्तर," साडू म्हणाला. आता त्यानं मान पण वर केली नव्हती.

टेप लागला. एकशे सत्तर.

"तिसरी दोनशे. चवथी एकशे पंच्याऐंशी. पाचवी पुना दोनशे दोन."

मॅडम चढत गेल्या, टेप लावत गेल्या, आणि प्रत्येक पायरी माझ्या साडूला ओ देत गेली. माझी पायरी! मी ओरडून ओरडून माल मारून घेतलेली पायरी, आणि ती त्याच्या हाकेला हजर. जणू तिलाही त्यानं चटणी चारली होती. पायऱ्या मोजताना माझ्या कानात एकच आवाज येत होता, बर्री, बर्री, बर्री.

मी डोकं चालवलं. सुपरवायझर हरत नसतो, त्याला फक्त नवीन हिशेब लागतो. "मॅडम, सगळ्या पायऱ्यांची बेरीज करा आणि भागा. सरासरी साडेसातच येते!"

मॅडम पाचव्या पायरीवर थांबल्या. "काका," त्या म्हणाल्या, "माणूस सरासरीवर पाय ठेवत नाही."

आणि त्यांनी भिंतीकडं बोट केलं. पहिल्या पायरीजवळ, छातीच्या उंचीवर, भिंतीवर एक डाग आहे. तळहाताएवढा, काळपट, तेलकट. दर दिवाळीला मी तो चुन्यानं झाकतो आणि दर संक्रांतीपर्यंत तो परत येतो. मी आजवर भिंतीतल्या ओलीला शिव्या देत होतो, विटांच्या भट्टीवाल्याला शिव्या देत होतो. मॅडमनी खाली उतरून आपला उजवा पाय पुन्हा पहिल्या पायरीवर टाकला, नऊ इंच उचलताना त्यांचा तोल किंचित गेला, आणि त्यांचा हात आपसूक भिंतीवर गेला. बरोबर त्या डागावर. बायकोनं माझ्याकडं बघितलं नाही. ती शेंगा फोडत होती, पण तिचा उजवा तळहात मला दिसला, बरोबर त्या डागाएवढा. वीस वर्षं ती पाण्याच्या बादल्या, वाळवणं, पापड घेऊन त्या जिन्यानं चढत होती आणि तिथं हात टेकवत होती. ओल बिल काही नव्हती.

पण मी काय सहजासहजी गप्प बसणारा? म्हटलं, "जिना सोडा. जिना अंगणाचा आहे, बाहेरचा. घर बघा, घर!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. मी स्वतःच्या तोंडानं तपासणाऱ्यांना घरात बोलावलं. मॅडमनी खिशातून गोटी काढली आणि न्हाणीत सोडली. मी देवाचं नाव घेतलं. गोटी जाळीकडं दोन बोटं गेली, विचार केला, वळली आणि थेट दाराकडं आली. उंबऱ्याला टक्‌ करून थांबली. जिथं मला ती दुसरी सापडली होती, अगदी तिथंच.

तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा काहीतरी खडखडलं. गोटी. हातपाय धुणं. वर-खाली करणं. गच्चीवर वारा घेणं.

गच्चीवर गेलो. मॅडमनी कठड्याला टेप लावायच्या आधीच मी साडूकडं बघितलं. तो नजर चुकवत म्हणाला, "सातशे चाळीस." कठडा एक मीटर पाहिजे, माझा सातशे चाळीसच निघाला. तेव्हा विटा कमी पडल्या होत्या आणि मी गवंड्याला म्हटलं होतं, बस्स झालं, आपण काय गच्चीवर नाचणार आहोत? आतल्या खोलीची खिडकी, जी नियमापेक्षा बारकी निघाली. संडासातली हवेची झडप, जी मी बसवलीच नव्हती. स्विचबोर्डाची अर्थिंगची तार, जी पाइपात शिरते आणि पुढं कुठंच जात नाही. एकेका ठिकाणी मॅडम टेप लावत गेल्या आणि मला आमच्या पेपरातला एकेक प्रश्न आठवत गेला. चौथा, सातवा, नववा, चौदावा. साडूची बरोबर आलेली उत्तरं माझ्या घरभर लटकत होती, वाळत घातलेल्या कपड्यांसारखी.

लोक सुतावरून स्वर्ग गाठतात. मी चार सुतांवरून असा घसरलो तो थेट मोरीत.

मॅडमनी टेप गुंडाळला. चहा घेतला. पेपराविषयी एक शब्द काढला नाही. काढायला उरलं तरी काय होतं? जाताना मात्र दारात थांबून त्या म्हणाल्या, "काका, गिऱ्हाइकाचा फ्लॅट असता तर काय लिहिलं असतं अहवालात?"

"किल्ली घेऊ नका, असं लिहिलं असतं," मी म्हणालो. खोटं बोलण्यात माझा हात धरणारा कुणी नाही, पण धंद्यात मी खोटं बोलत नाही.

त्यांनी मान हलवली. "सोमवारपासून कुंभारी. मोठे काका मुख्य, तुम्ही त्यांच्याबरोबर." बघा, 'मोठे काका.' आठ महिन्यांनी लहान असलेला माणूस मोठा झाला, आणि यावेळी तर सासऱ्यांचाही हात नव्हता त्यात.

मॅडमची गाडी गेली. साडू जायला निघेना. मघाशी मी बडबडलो तेव्हा तो खाली मान घालून उभा होता आणि आता पायरीवर, त्या नऊ इंची पायरीवर, बसून बायकोला शेंगा फोडून देत होता. त्याच्या खिशातून ती झेरॉक्स पुस्तिका डोकावत होती, प्लॅस्टिकच्या कव्हरात घातलेली. माझी पुस्तिका कुठं होती? तिच्या मागच्या कोऱ्या पानांवर मी सह्या गिरवल्या होत्या.

मी त्याच्यापुढं जाऊन उभा राहिलो. आता पुन्हा आवाज चढवला, कारण माझ्याकडं तेवढंच उरलं होतं. कुंभारीपर्यंत ऐकू गेला असेल.

"पंधरा दिवस! पंधरा दिवस माझ्या मागं माझ्या घरात येतोस, चटणी आणतोस, गोट्या सोडतोस, माझ्या पायऱ्या मोजतोस! अरे, सोलापुरात घरं काय कमी पडली होती? पुस्तक होतं, ऑफिस होतं, कुंभारीची आख्खी वसाहत पडली होती! माझंच घर का?"

साडूनं एक शेंग फोडली, दाणे बायकोच्या सुपात टाकले, टरफल बाजूला ठेवलं.

"पुस्तकातलं ध्यानात र्‍हात न्हवतं, पाव्हणं," तो म्हणाला. "हितं समदं चुकल्यालं एकाच जागी हाय."